कोरडं चालते, वल्लं नाही

मागच्या वर्षीच्या हनुमान जयंतीला, भर दुपारी, आमच्या गावच्या भंडाऱ्यातला भाताने भरलेला गंज देवळामागच्या खड्ड्यात ओतण्यात आला. भात करपला नव्हता. त्यात काही पडलं नव्हतं. मी त्यात एकदा सराटा फिरवला होता.

तांदूळ आमचाच होता.

गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून वर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली सोयाबीन, मका, भाजीपाला. साळ फक्त आमच्याकडे. आमचं शेत गावाच्याही वर, उतारावर. आम्ही मातंग. खाली आम्हाला कुणी जमीन दिली नाही म्हणून आजोबांनी गायरानातला मुरमाड तुकडा दगड वेचून वहितीत आणला. चिखल करून रोपं लावायची ही साळ नव्हे. ती कोरड्यात पेरायची आणि पावसावर सोडायची. दोन जाती आहेत. साठी लवकर निघते, ती घरी खायला. काळी उशिरा येते. तिचं टरफल काळं, दाणा तांबूस. शिजायला लागली की वास पायवाटेपर्यंत जातो. काळीचं बी आमच्याखेरीज कुणाकडे असल्याचं मला माहीत नाही.

मारुतीचा नैवेद्य गावच्याच मातीतल्या धान्याचा लागतो. त्यामुळे तांदूळ आमचा लागतो. दरवर्षी आई काळी साळ कांडते, पाखडते, डोक्यावर घेऊन खाली उतरते आणि देवळाच्या पायरीखाली उभी राहते. कमिटीचा माणूस पोत्याचं तोंड उघडून धरतो. आई सूप उंच धरून ओतते. सूप पोत्याला लागू द्यायचं नाही. मग आम्ही चिंचेखाली बसायचं. सगळ्यांची जेवणं झाली की तोच भात आम्हाला वरून वाढला जातो. याला गावात नियम म्हणतात. नियम असा: कोरडं चालते, वल्लं नाही. आमच्या हातचं धान्य चालतं. त्याला पाणी लागलं की आमचा हात चालत नाही.

मी बुलढाण्यात एका दैनिकात बातम्या लिहिते. त्या दिवशी सुट्टी काढून आले होते. इथे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते आहे.

आचारी नवा होता, बाहेरगावचा. त्याने बाजारच्या तांदळाच्या अंदाजाने पाणी ठेवलं. काळीला पाणी जास्त लागतं. तो पुऱ्यांच्या कढईकडे गेला होता. गंजातून चर्र आवाज यायला लागला. मी चिंचेखालून उठले, झाकण सारलं, शेजारच्या बादलीतलं पाणी ओतलं आणि तळापासून सराटा फिरवला. एवढंच.

"गंज बाटला!"

हे नाना ओरडले. नाना देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. वयाने आईच्या बरोबरीचे.

"तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले?"

"लागत होता, नाना."

"लागू देत! करपला असता त देवानं खाल्ला असता. आता कोन खाईन?"

नैवेद्य अजून निघायचा होता. चौघांनी गंजाच्या कड्यांना फडकी गुंडाळली आणि तो देवळामागे नेला. भात खड्ड्यात पडला. वाफ आली. वास आला. पंगतीतला एक जण म्हणाला, "काय वास आहे बे!" दुसरा हसला.

आई उभी होती. एका पावसाळ्याची निंदणी, एका हिवाळ्याचं कांडण. ती खड्ड्याकडे बघत होती.

मग नाना तिच्याकडे वळले. मी हे वाक्य जसंच्या तसं देते.

"सखू, जाय वर. राह्यली-साह्यली साळ कांडून आन. पाहुने ताटकळून राह्यले. अन् कोरडी आन."

आई म्हणाली, "हाव जी."

आणि ती चढ चढू लागली. मी तिच्या मागे. वाटेत ती एकदाच बोलली. "तू काऊन उठली वो बाई?"

घरी तांदूळ उरला नव्हता. उरलं होतं ते बी. काळीचं बी आई मडक्यात ठेवते. राख मिसळायची, वर कडुलिंबाचा पाला, तोंड शेणमातीने लिंपायचं. ते मृगापर्यंत उघडायचं नाही. आईने मडकं ओसरीवर आणलं आणि दगडाने लिंपण फोडलं. पहिली ओंजळ उखळात टाकली. काळे दाणे. मुसळ उचललं.

मी मुसळ धरलं.

"सोड," आई म्हणाली.

"हे बी हाय, माय."

"मले कळत नाही काय?"

"मंग पेरशील काय?"

"गाव उपाशी बसलं. देवाचं काम हाय."

"देवानं नाही फेकलं."

दोघींच्या हातात एकच मुसळ होतं. ती ओढत होती. मी ओढत होते. तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त जोर आहे. तिने ठरवलं असतं तर मुसळ खाली आलं असतं. ते आलं नाही. तिने सोडलं. खाली बसली आणि उखळातले दाणे एकेक करून मडक्यात परत टाकले. शेवटचा दाणा उखळाच्या फटीत अडकला होता. तो तिने काडीने काढला.

मी एकटी खाली उतरले. हात रिकामे. नाना पायरीवर होते.

"कुठी हाय सखू?"

"घरी."

"अन् तांदूळ?"

"नाही."

"पेपरात लिहाले लागली म्हनून जात बदलते काय वो?"

"नाही बदलत. हातही तोच हाय. साळ याच हातानं निंदली, याच हातानं कांडली. तवा बाटली नाही?"

"कोरड्याले दोष नसते."

"त आजपासून कोरडं भेटनार नाही. आमचा तांदूळ पायजे असन त शिजलेला भेटन. आमच्या दारात, आमच्या हातचा. बसून खायचा."

कुणीतरी ओरडलं, "घ्या! मारुतीले वर जेवाले बलावलं!"

सगळे हसले. मी थांबले. हसणं संपल्यावर मी परत तेच म्हणाले. शब्द बदलले नाहीत. मग निघाले.

त्या वर्षी मारुतीला भाताविना नैवेद्य दाखवला गेला.

मृगाला आम्हाला पेरायला तिफन मिळाली नाही. दरवर्षी मिळायची. या वेळी जिथे विचारलं तिथे बैलाचा पाय दुखत होता. आईने दोरी ताणली, मी खुरप्याने भोकं पाडली, ती दाणे टाकत गेली. सगळं शेत टोकलं. वाटेने जाणारी पोरं म्हणायची, "बेगीन शिजवा वो, पंगत येऊन राह्यली!" आई मान वर करत नसे. एकदा केली. म्हणाली, "ये ना. तुह्यासाठीच पेरून राह्यलो." पोरं पुढे गेली.

साळ आली. सुगीनंतर आईने मडकी भरली, लिंपली. खायची वेगळी काढली. एका संध्याकाळी पाखडता पाखडता ती म्हणाली, "औंदा मी सांगतो त्याहिले. तू मधात बोलू नको."

या वर्षीच्या हनुमान जयंतीला आईने सकाळीच चूल पेटवली. भात, वरण, वांग्याची भाजी. अंगण सारवलं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या.

जीप वर आली. धाडच्या सलीमची, भाड्याची. पुढे नाना बसले होते, मांडीवर घडी घातलेलं पोतं. ते उतरले. अंगणाच्या कडेला थांबले.

"सखूबाई," ते म्हणाले. आईच्या नावापुढे बाई मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "झालं ते झालं. पोतं भरून द्या. देवाचं काम हाय."

"कोरडं नाही जी," आई म्हणाली. "भात हाय. हात धुवा. बसा."

नाना बसले नाहीत. पत्रावळींकडे बघत राहिले. सलीम जीपमधून उतरला, रांजणातल्या पाण्याने हात धुतले आणि पहिल्या पत्रावळीवर बसला.

"मावशी, मले वाढा. चढावरच वास आला, गेअर टाकाचा भुललो."

"सलीम, चाल," नाना म्हणाले.

"खाऊ द्या ना नाना. जीपले डिझेल लागते, मले भात लागते."

आईने वाढलं. सलीम जेवला. त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तोवर नाना जीपच्या सावलीत उभे होते. एकदा त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. आई दोनदा म्हणाली, "बसा जी." तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

दुपारी देवळात पंगतीसाठी बाजारचा पांढरा तांदूळ शिजला. नैवेद्यात मात्र भात नव्हता. बियाची मडकी बंद आहेत. पोतं घडी घातलेलंच खाली गेलं.