कमळा नर्सचा जळफळाट

चामोर्शीच्या बायका कमळा नर्सला घाबरायच्या आणि बाळंतपणाला मात्र त्यांना तीच लागायची. सन त्रेपन्न-चोपन्नच्या सुमाराची ही गोष्ट. ब्रह्मपुरीकडच्या एका धानकऱ्याची ही मुलगी नागपूरला नर्सिंग शिकून आली होती. पांढरं पातळ नेसून ती बैलबंडीतून एखाद्या खेड्यात उतरली, की म्हातारेसुद्धा चिलीम पाठीमागे लपवायचे. बाळाच्या नाळेला राख लावलेली दिसली, तर सासूपासून सुनेपर्यंत सगळ्यांची ती खरडपट्टी काढायची. मीठमिरच्या ओवाळणाऱ्या बायांना म्हणायची, "दृष्टबिष्ट काही नसते. मिरच्या भाजीत घाला, तेवढंच पोट भरल."

मग तिला स्वतःला मुलगी झाली, इंदू. इंदू मान धरायला लागली आणि कमळाची रजा संपली. नवरा गुणवंतराव ब्रह्मपुरीला मास्तर होता, महिन्याकाठी एखाद्या रविवारी यायचा. सासू नव्हती, आणि आई ऐन धानकापणीत घर सोडून कशी येणार? शेवटी दवाखान्याच्या झाडलोटीवाल्या वारलूनं आपल्या ओळखीची एक गोंडीण आणून उभी केली. नाव सोमारी. पन्नाशीला टेकलेली, हडकुळी, कमी बोलणारी. स्वतःची पोरं मोठी होऊन पांगलेली. कमळानं तिला नखं दाखवायला लावली, हात साबणानं धुवायला लावले, आणि पोर तिच्या हातात दिली. पोर रडली नाही. कमळाला वाटलं होतं, निदान थोडी तरी रडेल.

तिथूनच आतली आग सुरू झाली.

पहिल्याच आठवड्यात इंदूच्या डोक्याला मोहाच्या तेलाचा वास यायला लागला. कमळानं संध्याकाळी पोरीला पुन्हा न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. मग सोमारीचं गाणं. ती गोंडीत काहीतरी एका सुरात गुणगुणायची आणि पोर टकामका बघत राहायची. कमळानं तेच गाणं तोंडातल्या तोंडात जुळवून पाहिलं, तर इंदूनं जांभई दिली. दिवसभर लोकांची पोरं जगात आणायची आणि आपल्या पोरीनं आपल्यासमोर जांभई द्यायची, हे कमळाला अगदी झोंबलं. दवाखान्यात बाळाला पदराखाली घेऊन बसलेल्या बाया दिसल्या, तरी तिचं डोकं फिरायचं. एकीला तर तिनं उगाचच झापलं, "नीट बस ना, काऊन अशी वाकून बसली?" ती बिचारी नीटच बसली होती.

सोमारीचा आणखी एक गुण कमळाच्या डोक्यात जायचा. संध्याकाळी कमळा दारात आली, की सोमारी पोर तिच्या हातात ठेवायची, काठी उचलायची आणि चालू पडायची. दिवस कसा गेला, पोर काय करत होती, एक अक्षर नाही. मागे वळून बघणंसुद्धा नाही. "भारीच मिजास," कमळा मनात म्हणायची, "जशी काही पोर हिचीच, आणि मी उसनी मागून नेते."

एक दिवस दुपारचं काम लवकर आटोपलं. कमळा न सांगता घरी निघाली. पाळत ठेवायलाच, दुसरं काय. कुडाच्या फटीतून तिनं आत पाहिलं. सोमारी भिंतीला टेकून बसली होती. इंदू किरकिर करत होती, आणि सोमारीनं आपली सुकलेली छाती तिच्या तोंडात दिली होती. दूध कुठलं असणार? पण पोर मिटल्या डोळ्यांनी चोखत होती आणि तिचा इवला तळवा सोमारीच्या गळ्यावर पसरला होता.

खेड्यापाड्यात आज्या असं करतात, हे कमळानं शंभर घरांत पाहिलं होतं. "कोरडं का होईना, लेकरू शांत राहते," असं ती स्वतःच एकदोघींना बोलली होती. पण आता तिच्या पोटात जे पेटलं, त्याला ते शहाणपण पुरलं नाही. आत जाऊन चार शब्द सुनावावेत एवढंही धैर्य तिला झालं नाही. सुनावलं आणि पोर सोमारीलाच बिलगली तर? ती आल्या पावली दवाखान्यात परत गेली आणि उकळून ठेवलेली भांडी पुन्हा उकळत बसली.

त्याच संध्याकाळपासून इंदू अंगावर पिईना. कमळा तिला मांडीवर घ्यायची, पोर दोन घोट घ्यायची आणि मान झटकून दाराकडे बघायची. मग भोकाड. ताप नाही, कान दुखत नाही, पोट मऊ, तोंडात छाले नाहीत. डॉक्टरांनीही तपासलं, त्यांनाही काही सापडलं नाही. दिवसा वाटीचमच्यानं दिलेलं गाईचं दूध ती सोमारीच्या हातून प्यायची. कमळाची छाती दगडासारखी व्हायची, मग पुढे पुढे हलकी वाटायला लागली. दूध आटायला लागलं की काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

गुणवंतराव रविवारी आला. त्यानं सगळं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्या खेपेला मी येईन, तोवर पोरगी तुह्या अंगावर पिऊन राह्यली पायजे. नाई तर नोकरी सोड, आन ब्रह्मपुरीले चाल. नोकऱ्या करणाऱ्या पुष्कळ हायेत, तिची माय तू एकटीच."

बोलणं गोड होतं, म्हणून जास्त लागलं. नोकरी कमळाला जीव की प्राण होती. तिनं ती बापाशी भांडून मिळवली होती. आता ती जाणार, आणि जाणार कुणापायी, तर एका गोंडिणीपायी, असं तिनं मनाशी पक्कं ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी सोमारीच चाचरत म्हणाली, "बाई, तू रागावशील. पण पोरीले नजर हाय. मले उतरवू दे."

कमळानं एरवी तिला हाकललंच असतं. पण तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. दृष्ट काढताना ज्यांची ज्यांची नजर लागली असेल, त्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात. आणि आईची नजर सगळ्यात आधी लागते, असं इकडच्या बाया मानतात. "घेऊ दे माझं नाव," कमळाला वाटलं. "तोंडावर घेतलं की तेच निमित्त करून हिला दाखवते रस्ता." ती म्हणाली, "उतरव. माह्यासमोर उतरव."

दिवेलागण व्हायची होती. सोमारीनं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि इंदूवरून फिरवायला सुरुवात केली. शेजारणीची नजर, वारलूची नजर, दवाखान्यातल्या आल्यागेल्या बायांची नजर, पाण्यावरच्या पोरींची नजर. कमळा कान टवकारून बसली होती. सोमारी थांबली. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "सोमारीची नजर," आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली.

मिरच्यांचा ठसका उठला. दोघी खोकल्या.

"तुही नजर?" कमळानं विचारलं. "तुही काऊन?"

"दिवसभर ते माही असते," सोमारी डोळे पुसत म्हणाली. धूर होता, त्यामुळे डोळे कशानं भरले ते सांगता येत नव्हतं. "तू आली का ते तुह्या अंगाले चिपकते, मले वळखतबी नाई. मले लय जळजळ होते, बाई. तुह्या मांडीवर ते पाहवत नाई. म्हणून मी उठून चालू लागतो, वळून पाहत नाई. पाह्यलं तर नजर लागल."

ही आपल्यावर जळतेय आणि आपण हिच्यावर, हे कमळाला धडधडीत दिसलं. आणि तिच्यातली नर्सही जागी झाली. दाराकडे पाहणारी मान. सोमारी तडकाफडकी उठून जायची, आणि पोर मायचं दूध सोडून त्या निघून गेलेल्या माणसाला शोधत बसायची. दोघींनी मिळून त्या पोरीला असं मधोमध फाडलं होतं, आणि दोघीही आपणच सोसतोय असं समजत होत्या.

सोमारीनं सवयीनं काठी उचलली.

"ठेव ते," कमळा म्हणाली. "तुही एकटीची नाई. माहीबी नजर हाय. त्या दिवशी कुडातून पाह्यलं मी, तू तिले छातीशी घेतलं होतं ते. माह्या अंगाची आग झाली." तिनं सोमारीच्या हातातली काठी घेऊन कोपऱ्यात ठेवली. "आता बस इथी. माह्या बाजूले बस. ते पिऊन झोपलं का मग जा."

सोमारी बसली, अंग चोरून. कमळानं इंदूला पदराखाली घेतलं. पोरीनं दोन घोट घेतले, मान वळवली, सोमारी जागेवरच आहे हे पाहिलं आणि परत वळून पिऊ लागली. बऱ्याच दिवसांनी कमळाच्या छातीत पान्ह्याची कळ आली, इतकी जोरात की तिनं ओठ दाबले.

पिता पिता इंदूनं हात बाहेर काढला आणि सोमारीचं बोट घट्ट धरलं. कमळाच्या काळजात पुन्हा तेच पेटलं. ते बोट सोडवून घ्यावं असं तिला वाटलं, फार वाटलं. पण पोर पीत होती. कमळा थोडी सरकली, म्हणजे सोमारीचा हात अवघडणार नाही.