आडभिंतीवरचा धूर

मी तोंडाची फटकळ. आजही आहे, पण तेव्हा रक्त गरम होतं आणि मांडीवर पहिलं पोर होतं, मग काय विचारता! कारंजा गावात कापसातली सरकी काढायची गिरणी होती, तिला जीन म्हणत. तिच्या मागे एका शेठची टिनाची चाळ होती, तिथे आम्ही राहायचो. ओळीनं सहा खोल्या आणि समोर सगळ्यांची मिळून एक ओसरी. दोन खोल्यांमधली आडभिंत वर टिनापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर फट मोकळी सोडलेली, उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून. शेजारी कोणी कुजबुजलं तरी आपल्याला ऐकू यायचं.

आमचे हे जीनमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते. शेजारच्या खोलीत एक म्हातारा-म्हातारी राहत. म्हातारा त्याच जीनमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा आणि घरी आला की चिलीम ओढायचा. म्हातारी बोलायला कमी. सकाळी बघावं तर ओसरीच्या खांबाला टेकून डुलक्या घेत बसलेली. आमच्या सासूबाई म्हणायच्या, “पाह्यलं का, बुढी बसल्या बसल्या झोपते. कामाची चोर हाय निरी!” मलाही हसू यायचं.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. सासूबाईंनी माझं आणि बाळाचं जे केलं ते पोटच्या लेकीचंही कोणी करणार नाही. खोटं कशाला बोलू? तेल लावणं, कढत पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेक, आणि मग धुरी. खापरात गोवरीचा विस्तव घ्यायचा, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची टरफलं आणि मूठभर कडुलिंबाचा पाला टाकायचा. दार लावायचं, खिडकीला गोणपाट अडकवायचं, वाऱ्याची झुळूकही आत येता कामा नये. खोलीत असा धूर कोंडायचा की समोरच्या सासूबाई दिसायच्या नाहीत, नुसता त्यांचा आवाज यायचा. सगळीकडे असंच करत. माझ्या आजीनं माझ्या आईला केलं, तेच हे.

महिना उलटला आणि बाळ खोकायला लागलं. आधी जरा जरा, मग असं की दूध ओढता ओढता तोंड सोडून द्यायचं आणि डोळे पांढरे करायचं. सासूबाईंची स्वतःची दोन लेकरं छाती भरून गेली होती. त्या म्हणाल्या, “वारं लागलं लेकराले. धुरी वाढवा लागते.” दोनदाची धुरी तीनदा झाली. सव्वा महिना सरला तरी बंद झाली नाही. खोकला वाढला की धुरी वाढायची.

मग एके दिवशी सासूबाईंनी मान वर केली, भिंतीवरच्या फटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “त्या बुढ्याची चिलीम! तिकडून धूर येऊन राह्यला, अन् मी मेली इकडं वारा शोधून राह्यली.”

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारा कामावरून आला तशी मी ओसरीत उभी राहिले. लाजबीज सगळी गुंडाळून ठेवली.

“बाबा, तुमाले दिसत नाही का घरात तान्हं लेकरू हाय ते? तुमची चिलीम लेकराच्या छातीत जाऊन राह्यली!”

म्हातारा गांगरला. हातातली चिलीम त्यानं पाठीमागे नेली. “चुकलं, पोरी. उद्यापासून खोलीत नाही ओढत. नीमाखाली बसत जाईन.”

आणि खरंच तो सडकेपलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायला लागला. मी रोज दारातून बघायचे. तरी बाळाचा खोकला थांबेना. मग मला वाटलं, हा आपल्याला दाखवायला तिकडे बसतो आणि खोलीत आला की पुन्हा ओढतो. एकदा मनात धूर शिरला की तो सगळीकडेच दिसतो. वासही यायला लागला मला चिलमीचा, शपथ घेऊन सांगितलं असतं.

एका दुपारी बाळाला खोकल्याचा असा झटका आला की ओठ निळे पडले. मी त्याला उभं धरून पाठ चोळली, तेव्हा कुठे रडलं. ते रडलं आणि माझं डोकं फिरलं. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला, बाजेवर चढले आणि फटीतून अख्खा तांब्या पलीकडे ओतला. “घ्या, विझवा आता!” असं ओरडलेसुद्धा. पलीकडून शिवी येईल म्हणून कंबर कसून उभी राहिले. नुसता कपडा पिळल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी फटीत जुन्या लुगड्याची बोंदरं कोंबलेली दिसली. सासूबाई म्हणाल्या, “पाह्य, चोराच्या मनात किती भेव! चिलीम लपवून राह्यला बुढा.” मला ते सोळा आणे पटलं.

शेवटी मी यांच्या मागे भुणभुण लावून शेठकडे पाठवलं. शेठ आले, ओसरीत उभे राहिले, नाकाला उपरणं लावलं. “काय धूर आहे हो!” म्हणाले. म्हाताऱ्यानं हात जोडले.

“शेठजी, देवाची आन, मी खोलीत चिलीम नाही ओढत. दोन महिने झाले.”

“मग हा धूर काय आभाळातून पडला?”

म्हाताऱ्यानं आमच्या दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं आणि खालून धुराची पट्टी बाहेर येत होती. सासूबाई आत बाळाला धुरी देत होत्या. म्हाताऱ्याचे ओठ हलले. तेवढ्यात म्हातारीनं मागून त्याची बाही ओढली आणि मान हलवली, नको म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बघितलं आणि मनात म्हटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसले दोघं.

शेठनं आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितलं. म्हाताऱ्याचा पुतण्या आसेगावला शेती करायचा, तो बैलगाडी घेऊन आला. एक पेटी, दोन घोंगड्या, भांड्यांचं एक बोचकं, एवढाच संसार. म्हातारी गाडीत चढताना दोनदा थांबली, श्वास घ्यायला. मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, “लेकराले जप वं माय.” मी तोंड फिरवलं.

दोन दिवस मी राणीसारखी वावरले. तिसऱ्या दिवशी बाळाला पहिल्यापेक्षा मोठा झटका आला.

मला काही सुचेना. सासूबाई म्हणाल्या, रिकाम्या खोलीत अजून काही जळत राहिलं असेल, चूल विझवली नसेल त्यांनी, जाऊन बघ. मी बाळ त्यांच्याजवळ दिलं आणि शेजारच्या खोलीचं दार ढकललं.

खोली झाडून सारवून ठेवलेली होती. ज्यांना आपण हाकलतो ती माणसं जाताना खोली सारवून जातात, हेच आधी मला नीट कळेना. चुलीत राख नव्हती. मग मी वर बघितलं आणि तशीच उभी राहिले.

आमच्या बाजूच्या भिंतीवर, फटीपासून खाली पार कमरेपर्यंत काळे ओघळ उतरले होते. बाकी तिन्ही भिंती पांढऱ्या. कोंबलेलं एक बोंदरं खाली पडलं होतं, ते मी उचललं. एक बाजू स्वच्छ. दुसरी, आमच्याकडची, काजळीनं काळीकुट्ट, चिकट. आणि भिंतीच्या पायथ्याशी एक गोधडी विसरून राहिली होती, भिंतीला टेकून बसायला घडी घातलेली. तिच्यावर पाण्याचा वाळलेला डाग. म्हातारा त्या दुपारी जीनमध्ये असणार. पाणी कुणाच्या अंगावर पडलं ते मला तेव्हा समजलं.

मी तिथेच असताना फटीतून धूर यायला लागला. बोंदरं निघालेल्या जागेतून भसाभसा, दाट, कडुलिंबाचा. भिंतीपलीकडे सासूबाईंचा आवाज, “घे बाळा, घे, बरं वाटते,” आणि त्या आवाजात माझ्या पोराचा खोकला. अगं बाई गं! इतके दिवस मी त्या धुरात बसलेली होते, म्हणून मला तो कधी दिसलाच नाही.

मी धावत आले, दार उघडलं, सासूबाईंच्या मांडीवरून बाळ उचललं आणि ओसरीत, उघड्यावर नेलं. “वारं लागन!” म्हणून त्या मागे धावल्या. मी त्यांच्या अंगावर ओरडले, “लागू द्या! वाराच पाह्यजे त्याले!” आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. खापर उचललं आणि अंगणात आपटलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. त्या फुटक्या खापराकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, “मंग माह्ये दोघं?”

पंधरा दिवसांत बाळाचा खोकला गेला.

मी यांच्यामागे लागून आसेगावला गेले, बाळाला आणि ती गोधडी घेऊन. काकूला जुना दमा आहे, हे पुतण्यानं दारातच सांगितलं. त्याच्या घरामागे पडवी होती, तिथे म्हातारी तूर निवडत बसली होती. मी बाळ तिच्या मांडीत ठेवलं आणि तिचे पाय धरले. रडतच विचारलं, “आई, तुमाले दमा होता, अन् तुमी एक शब्द काहून नाही बोलल्या?”

“बाळंतिणीची धुरी व्हती ती, माय. तिले बंद करा म्हनून कोन म्हनन? लेकराले काही झालं असतं तं माह्या माथी आलं असतं.” तिनं बाळाच्या टाळूला नाक लावलं. “आता लेकराचा वास येते.”

मी म्हटलं, शेठशी बोलले आहे, खोली अजून रिकामी आहे, परत चला. धुरी कायमची बंद केली.

तिनं मान हलवली. मी आणलेली गोधडी तिनं उलगडली आणि खाटेवर अंथरली, पूर्ण लांब.

“नाही वं. इथं आल्यापासून मले आडवं होऊन झोपता येते.”