मोर्शीचा मुलगा कुठे हसतो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो, आत्याचे. अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं फुलांचं दुकान आहे. बार्शीटाकळीहून बारावी होऊन मी अकोल्याला आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही, आणि तिच्याकडे जो राहिलो तो बी.ए. होईपर्यंत. दुपारी हारांची गर्दी ओसरली की ती पाटावरचे देठ झाडून मला बसायला जागा करून द्यायची. माझ्या सगळ्या पुस्तकांना झेंडूचा वास होता. मी धडा मोठ्यानं वाचायचा आणि तिनं गजरे ओवता ओवता हुंकार द्यायचा, असा आमचा नेम. एखादं वाक्य पटलं नाही तर म्हणायची, "हे काई समजलं नाई बापा. पुन्हा वाच." इंग्रजीचे धडेसुद्धा तिनं असेच ऐकले. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो खरा, पण त्यातला बराच अभ्यास तिच्या कानांनी केला आहे.

पुढे एम.ए.साठी अमरावतीला गेलो आणि तिथेच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. त्याच सुमाराला मोबाइलवर परदेशी मालिका हिंदीत दिसू लागल्या होत्या. त्यातल्या एकीनं आमच्या विद्यार्थ्यांना झपाटलं होतं. तिच्यात आकाशात उडणारे, भिंती फोडणारे वीर होते, पण ते सगळे एका कंपनीचे पगारी नोकर. कंपनी त्यांचे चेहरे दुधाच्या पिशव्यांवर छापायची आणि कुणाला कधी वाचवायचं हेही तीच ठरवायची. सगळ्यात मोठा वीर पांढऱ्या झग्यातला. तो आरशासमोर उभा राहून हसण्याचा सराव करायचा. एका भागात मोठा पूर येतो, आणि हा गडी कॅमेऱ्याला दिसतात तेवढीच माणसं उचलून काठावर ठेवतो. बाकीची वाहून जातात. काठावरचे लोक टाळ्या वाजवतात.

मालिका वीरांची टिंगल करते आहे, हे मला पहिल्याच भागात कळलं. नवल वाटलं ते पाहणाऱ्यांचं. वर्गातली कितीतरी मुलं त्या पांढऱ्या झग्याला मनापासून मानत होती.

"सर, माणूस असा पायजे. एकदम कडक!"

"अरे, त्यानं पुरात माणसं बुडू दिली."

"मंग? सगळ्याईले कोन वाचवते, सर?"

एकजण म्हणाला, थांबा, शेवटी तो सुधारणार आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यायले त्याची छाती दिसते फक्त. डोये पाहातच नाईत." वर्ग खदखदला. मला मात्र छंदच लागला. ज्याला त्याला मी विचारत सुटलो. तुम्ही ती पाहता का? कोण आवडतो? काहून आवडतो? आमच्या ग्रंथपालांनी तर मला टाळायला सुरुवात केली.

दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा आत्याला आणि आतेबहिणीला ती दाखवली. आतेबहीण बी.एस्सी. करून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली होती. आत्या मान वर न करता झेंडू ओवत होती आणि नुसतं ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हा पांढरा जो कोनी हाये, त्याच्या गोड बोलन्यावर जाऊ नोका." बहीण मोबाइलवर वाकून पाहत होती. मग तिनं विचारलं, "दादा, याचा झगा कोन धुते?"



"त्याची माय धूत असन," आत्या म्हणाली.

"बायको असन. थे दाखोनार नाईत."

त्याच दिवाळीत बहिणीसाठी मोर्शीचं स्थळ आलं होतं. त्या वर्षांत आमच्याकडे लग्नाच्या बाजाराची मोठी विचित्र रीत झाली होती. बायोडाटात 'शेती आहे' असं लिहिलेलं सगळ्यांना हवं असे, 'शेती करतो' असं लिहिलेलं कुणालाच नको असे. बोंडअळीनं कापूस नेला होता, संत्र्याला गळ लागली होती, आणि शेतात राबणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. मोर्शीच्या मुलानं मात्र सरळ लिहिलं होतं: व्यवसाय शेती, संत्र्याची बाग, स्वतः करतो. आत्याचे यजमान म्हणाले, "पोरगं खरं बोलते, पन पोरीले उन्हात नाई धाडत मी." आत्याचं काही ठरत नव्हतं. आणि बहिणीला एकाच गोष्टीची काळजी होती. पाहण्याच्या कार्यक्रमात तिला त्याचा चेहरा पोह्यांच्या ताटावरून तेवढा दिसणार, आणि तेवढ्यावर जन्माचा होकार द्यायचा.

ती मला म्हणाली, "दादा, तू अमरावतीले राह्यतं. मोर्शी जवळच हाये. कार्यक्रमाच्या पयले एकडाव जाऊन ये."

"जातो ना. काय विचारू?"

"काईच विचारू नको. विचारलं का सगळे गोड बोलतात. त्याच्यासंगं थे पांढऱ्या झग्यावालं पाय, अन थो कुठं हासते थे पाहून ये."

आत्यानं दोरा दातानं तोडला. "अन मले लिहून पाठवजो. फोनवर तू सगळ्याईले चांगलंच म्हनतं. कागद आला का मी यायले वाचून दाखवीन." 'यायले' म्हणजे यजमानांना.

एखाद्या माणसाच्या हसण्यावरून त्याला जोखायचं ही कल्पना मला तेव्हा फार हुशारीची वाटली. साहित्य शिकवणाऱ्याला पात्रांवरून माणसं ओळखता येतात, अशी माझी समजूतही होती.

मुलीचा भाऊ घर पाहायला येतो, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. रविवारी सकाळच्या एस.टी.नं मोर्शीला उतरलो. मुलगा मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता. उंच, जरा वाकून चालणारा, बोटांना संत्र्याच्या सालीचा पिवळसर डाग. बाग दाखवली, गळालेल्या फळांचा ढीग दाखवला. घरी पोहे झाले, मोठमोठी संत्री सोलून पुढे आली. मी हळूच मालिकेचा विषय काढला.

"पाह्यले ना तीन-चार भाग," तो खुश होऊन म्हणाला. "लावू का, भाऊ? टीव्हीवर मस्त दिसते."

त्याचे वडील टोपी मांडीवर ठेवून बसले. आई लसूण सोलायला घेऊन दाराशी बसली. पडद्यावर पांढरा झगा आकाशातून लोकांच्या मधोमध उतरला. मागे कंपनीची भली मोठी पाटी, गाण्याचा दणदणाट, लोकांचे वर केलेले हात. वडील थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कोनत्या औषधाची जाहिरात हाये हे?"

मला हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. हंगाम आला की त्या भागात फवारणीच्या औषधांच्या प्रचारगाड्या फिरतात. गाडीवर असाच एक तगडा माणूस उभा राहून हात हलवतो, असंच गाणं वाजतं. मी समजावू लागलो, "काकाजी, ही गोष्ट हाये..."

"नाई भाऊ, बाबा बरोबर हायेत," मुलगा म्हणाला. "जाहिरातच हाये. औषध थो सोताच हाये."

मी मनात म्हटलं, वा! आणि लगेच विचारलं, "मंग तुमाले यात कोन आवडते?"

"मले थो पांढराच आवडते."

मी संत्र्याची फोड खाली ठेवली. "काहून?"

"त्याले कोनी थांबवत नाई नं, भाऊ! थो जाते तिथं दार उघडते. आमी तालुक्याले गेलो का पयले शिपाईच थांबवते. मंग म्हने, साहेब जेवाले गेले. थो पांढरा कधी बाकड्यावर बसेल दिसला काय?"

माझ्या वर्गातल्या कुणीही मला हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगत असतील आणि मी विचारून उत्तरासाठी थांबत नसेन.

पुराचा भाग आला. मी टीव्हीकडे न पाहता त्याच्याकडे पाहू लागलो. लोक पाण्यात हात हलवत होते, काठावरचा कॅमेरावाला ओरडत होता की जरा उजेडात या, आणि मुलगा खो खो हसला. आता हे आत्याला कसं लिहू, हाच विचार डोक्यात आला. पण त्याच वेळी वडीलही हसले.

"बाबाचा फोटो!" मुलगा म्हणाला.

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. "गारपीट झाली होती आमच्या इथं. एकजन कॅमेरा घेऊन आला. मले बागीत उभं केलं, हातात एक फुटेल संत्रं देल्लं. म्हने, काकाजी, वर पाहू नोका, खाली पाहा. मी खाली पाह्यलं. म्हने, हासू नोका. अरे, मी काहून हासीन? म्हने, तुमचं तोंडच हासरं हाये, याले काय करू? मंग शेजारच्याले बलावलं. त्याचं तोंड चाललं."

"पेपरात शेजारी आला," मुलगा म्हणाला. "गारपीट आमची, फोटो त्याचा."

मीही हसलो. मग पुढचा प्रसंग लागला. वीरांमध्ये एक बाई होती, आग विझवणारी. तिचा सत्कार सुरू असतो, ती माईक घेऊन बोलू लागते, आणि पांढरा झगा तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचं वाक्य मध्येच तोडतो. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मुलगा पुन्हा हसला. या वेळी वडील हसले नाहीत, मीही हसलो नाही.

दाराशी लसूण सोलणं थांबलं. "काहून हासला रे?" आईनं विचारलं.

"असंच. तिचं तोंड पाहून."

"माह्यं तोंड असंच होते, तुमी दोघं मले मधात तोडता तवा. तवा नाई हासत तुमी."

वडिलांना एकदम चष्म्याची आठवण झाली आणि ते तो शोधायला आत गेले. मुलगा आईकडे पाहत राहिला. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला. मला वाटलं आता मी निघावं.

स्टँडवर सोडायला तो आला. बस लागायची होती. झाडाखाली गाडी लावून म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तुमी टीव्ही कमी पाहून राहिले होते, माह्या तोंडाकडंच जास्त."

मला खोटं बोलता येईना. बहिणीनं काय सांगून पाठवलं होतं ते मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे परीक्षा होती!" त्यानं डोक्याला हात लावला. "अन मी तयारी मोठाल्या संत्र्याची केली. लय हुशार हायेत थ्या! पास का नापास?"

"मले नाई सांगता येत."

बस आली, लोक चढू लागले. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो दाराजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, थ्या कुठं हासल्या?"

अमरावतीपर्यंत मी आठवत राहिलो. दिवाळीच्या त्या दुपारी बहीण माझ्या शेजारीच बसली होती. पण मी सगळा वेळ मालिका समजावून सांगत होतो. ती काय बोलली ते आठवत होतं, ती कुठे हसली, हसली तरी का, हे मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर कागद घेऊन बसलो आणि आत्याला जे लिहिलं ते असं:

"आत्या,

काल मोर्शीला जाऊन आलो. तू हे घरात मोठ्यानं वाचशील, म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

मुलगा दोनदा हसला. पहिल्यांदा पुराच्या ठिकाणी, पण बुडणाऱ्यांना नाही. तिथं फोटो काढणारा होता, त्याला हसला. त्याच्या बाबांवर तसा प्रसंग येऊन गेला आहे, तो ते स्वतःच कधी तरी तुम्हाला सांगतील, फार छान सांगतात. दुसऱ्यांदा एका बाईचं बोलणं तोडलं तिथं हसला. ते मला आवडलं नाही. त्याच्या आईलाही आवडलं नाही, आणि तिनं ते पाहुण्यासमोर बोलून दाखवलं. त्या घरात आईला असं बोलता येतं, हेही मी पाहिलं. तो तिच्यावर चिडला नाही. मनातून त्याला वाईट वाटलं की नाही, ते मला ओळखता आलं नाही.

त्याला तो पांढरा झगाच आवडतो. का आवडतो ते त्यानं सांगितलं, आणि ते ऐकल्यावर मला त्याला वेडा म्हणता आलं नाही. यंदा बाग गळाली हे त्यानं लपवलं नाही, गळालेल्या ढिगाजवळूनच मला नेलं. लग्नानंतर लॅबच्या नोकरीचं काय, ते मी विचारलं नाही, कारण काहीच विचारू नको असं मला सांगितलं होतं. पण ते विचारायला हवं.

हसण्यावरून माणूस कळेल असं वाटून मी गेलो होतो. तेवढा कळला नाही. मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही.

निघताना त्यानं मला विचारलं, त्या कुठं हसल्या? आजपर्यंत जी स्थळं आली त्यांनी तिची उंची विचारली, स्वयंपाक विचारला, चालून दाखव म्हटलं. हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, मी तिचा भाऊ असून. म्हणून माझं एवढं ऐक. ते लोक आले की पोह्यांचं ताट तू घेऊन जा. त्या दोघांना ओसरीवर बसू दे आणि आपण कुणी मधात बोलू नये. त्याच्या प्रश्नाचं उत्तर ती देईल, आणि देताना तो तिला पुरतं बोलू देतो की नाही, ते तिनंच पाहावं.

तुझा भाचा"