सूर्याची पालखी

महिन्यापूर्वी भर दुपारी मनोहररावांचा फोन आला. "खलास, वहिनी... इंदू गेली," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. उभा जन्म आखातात काढलेल्या माणसाच्या तोंडी दुःखातही तिथलाच शब्द आला.

अजमानमध्ये हे नवरा-बायको आमचे शेजारी. इंदूताई दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या, आणि जिभेला अशी धार की मुलं पुस्तकाचं पान दुमडायला घाबरायची. मी पहिलटकरीण, आईचा व्हिसा अडकलेला. तेव्हा माझे डोहाळे ताईंनीच पुरवले. एकदा त्यांनी मेक्सिकोच्या प्राचीन अ‍ॅझ्टेक लोकांच्या देवतांचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे उघडलं. कणसं हाती धरलेली धान्याची देवी मला अगदी आपली वाटली, ओटी भरावी अशी. पान उलटलं तर बाळंतपणाची देवी, सिवाकोआत्ल, चक्क ढाल घेऊन उभी!

"त्यांच्यात बाळंतपण म्हणजे लढाई," ताई सांगू लागल्या. "मूल झालं की सुईण रणगर्जना करायची. आणि बाई त्यात गेली तर ती वीर, देवीच! माध्यान्हीपासून मावळेपर्यंत सूर्याची पालखी अशाच बाया वाहतात." मग त्या पानावर हात ठेवून ताई हळूच म्हणाल्या, "माझी आई माझ्या वेळीच गेली गं. गावानं तिला हडळ ठरवलं. परत येऊ नये म्हणून वाटेवर मोहऱ्या टाकल्या. घरात तिचं नाव काढायची चोरी. पन्नाशी उलटली, आणि हे पान वाचून मी पहिल्यांदा मोठ्यानं 'आई' म्हटलं."

पुढे माझ्या कळा लांबल्या, तेव्हा मला मरणाची भीती वाटली. ताई उशाशी उभ्या राहून ओरडल्या, "यल्ला पोरी, लढ!" मुलगी झाल्यावर तर त्यांनी अशी आरोळी ठोकली की नर्स दचकून म्हणाली, "मॅडम प्लीज, ये हॉस्पिटल है!" मी हसत होते, रडतही होते. एवढी मोठी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर ताई रोज संध्याकाळी समुद्राकडच्या खिडकीशी हात जोडून उभ्या राहायच्या. मनोहरराव देवधर्म न मानणारे, "झालं का तुझं मेक्सिको?" म्हणून चिडवायचे.

परवा त्यांना भेटायला गेले. चहा झाला, बोलणं संपलं, मी निघाले. सूर्य पाण्याला टेकला होता. मनोहरराव खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "थांबा वहिनी. सासूबाई निघाल्यात, नमस्कार करून जा."