मोठे टायर आणि अक्काचा तांब्या : लातूर ते माहूर

आमच्या गल्लीत कुणी गाडी घेतली की लोक आधी पेढा खातात आणि मग किंमत विचारतात. माझी पिकअप पाहून मात्र लोकांनी पेढा हातातच धरला आणि विचारलं, "सर, ही अशी का दिसतेय?"

देवणीच्या एका ठेकेदाराकडून ती सेकंडहँड घेतली. चार दारं, मागे उघडा हौदा. त्याने गाडी दोन इंच उचलून घेतली होती, पण टायर जुनेच, लहान. धिप्पाड माणसाने पोराच्या चपला घातल्यासारखं ध्यान दिसायचं. "टायर का नाही बदलले?" म्हटलं, तर "टाइमच न्हाई भेटला," म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. मी गाडीखाली पाऊण तास पडून दोष शोधला. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय दुप्पट झाला.

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, आणि कुणी सांगितलं म्हणून काही खरं मानत नाही. त्याला कारण आहे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी वर्षभर आमच्या गावाला हादरे बसत होते. लोक घाबरून विचारायचे, आणि आमचे आबा सगळ्यांना सांगायचे, "काही होत नाही." ते आणि आई घरात होते. अक्का, माझी मोठी बहीण, अंगणात झोपली होती म्हणून वाचली. मी दहावीसाठी लातूरला होतो. तेव्हापासून कुणी "काही होत नाही" म्हटलं की माझे कान टवकारतात.

अक्काने मला वाढवलं. ती आजही स्लॅबखाली झोपत नाही. पितळी तांब्यावर पेला पालथा घालून ठेवते. जमीन हलली की पेला वाजतो. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी ही रीत होती. बाकीच्यांची मोडली, अक्काची नाही. तिला माहूरला जायचं होतं, आणि वाटेत किनवटजवळ सखूला भेटायचं होतं. सखू आमच्याच गावची, आता जंगलातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. पण लॉजवर झोपायचं म्हणून अक्काचं जाणं तीस वर्षं राहिलं. हौद्यात गादी टाकली तर तो प्रश्न सुटत होता. सखूच्या गावची शेवटची वाट दगडांची, म्हणून मोठे टायर. शिवाय दिसायलाही बरे, हे कबूल करतो.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी शेवटची बॅच सुटली आणि मी निघायच्या घाईत होतो. किनवटकडचीच एक मुलगी, दीपाली, दाराशी थांबली होती. म्हणाली, "सर, पेपर हातात घेतला की हात थरथरतात." मी म्हटलं, "सगळ्यांचंच होतं गं. काही होत नाही." आणि वर्गाला कुलूप लावलं.

शुक्रवारी पहाटे निघालो. अहमदपूरला सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. सुशील्यात शेंगदाणे मोजके असतात, पण गरम मिळतो. लोह्याच्या पुढे रस्ता चांगला आहे. नांदेडला पोचायला तीन तास धरा. नकाशावाला फोन अडीच सांगतो, त्याचं ऐकू नका.

नांदेडला सत्तारभाईंचं टायरचं दुकान तीन जणांनी सुचवलं होतं. तिघांनी एकच नाव सांगितलं म्हणजे तिघांना कमिशन असणार, असं धरूनच मी गेलो. साठीचे, पांढरी दाढी, हाताला कायमचा काळा रंग. मी टॉर्च काढून प्रत्येक टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर घेताना तुम्हीही वाचा. पाचवा, स्टेपनीचा, इतरांपेक्षा सात आठवडे जुना निघाला.

"सात हप्त्यात टायर म्हातारा होत न्हाई, सर," सत्तारभाई म्हणाले.

"बदलून द्या."

त्यांनी बदलून दिला. इतक्या सहज दिला की बदलून आलेला सहावा टायरही मी तपासला.

मी वहीत गणित करून नेलं होतं. नव्या टायरचा व्यास साडेपाच सेंटिमीटर जास्त, म्हणजे काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टने पळत असेल. सत्तारभाईंनी वही नीट पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "आता चार माणसं हौद्यात चढवा." का, तर वजन पडल्यावर गाडी बसते आणि टायर आत घासतो. टायरच्या कडेला त्यांनी खडू फासला. दुकानात ताटकळलेली चार गिऱ्हाइकं हौद्यात उभी केली आणि मला स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं. जिथे टायर घासला तिथे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली. तेवढंच त्यांनी कापलं, बोटभरही जास्त नाही. प्रयोग म्हणून मला तो फारच आवडला, पण मी चेहरा कोरा ठेवला. हे माझ्या गणितात नव्हतं.

मग त्यांनी रिमवरून हात फिरवला. "हा रंग कुठं दिला?"

"लातूरला. परवाच." जुन्या रिमा नव्या टायरला शोभणार नाहीत म्हणून मी काळा रंग मारून घेतला होता. आतून-बाहेरून, जाड.

"नट बसतेत तिथंबी रंग हाय. तो दबला की नट ढिले होतेत. खरवडून देतो, तासभर थांबा."

तासभर थांबवायचं आणि बिलात भर घालायची, ही युक्ती मला माहीत आहे. मी नको म्हटलं.

"मग हिमायतनगरला थांबा. माझा भाचा हाय, टायरचंच दुकान हाय. नट परत आवळून देईल. पैसे घेणार न्हाई."

पैसे घेणार नाही म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली. मामाने पाठवायचं आणि भाच्याने भलताच दोष काढायचा. पाठीमागून अक्का म्हणाली, "थांबू की बाळू. मानूस बरा वाटतोय."

"तुला सगळेच बरे वाटतात," मी म्हटलं.

भोकरच्या पुढे गाडी अशी उंचावरून चालली होती की बैलगाडीवाले मान वर करून बघत होते. अक्का खूश होती. तांब्या तिने मांडीवर घेतला होता, पेला वर पालथा. खड्डा आला की हाताने दाबायची. हिमायतनगरला भाच्याचं दुकान दिसलं. एक माणूस बाहेर उभा राहून चक्क हात करत होता. मी ॲक्सिलेटर दाबला.

वीसेक किलोमीटर पुढे अक्का म्हणाली, "बाळू, पेला वाजून राहिलाय."

"रस्ता खराब आहे."

"खड्ड्यात वाजतंय ते येगळं. हितं रस्ता सपाट हाय. एकसारखा वाजतोय, बघ."

मी तिला समजावलं. मोठ्या टायरचे गट्टू, म्हणजे नक्षीचे ठोकळे, जाड असतात, त्यांची कंपनं जास्त, ती वेगाप्रमाणे एकसारखी येतात. चांगली दोन मिनिटं शिकवलं आणि शेवटी म्हटलं, "काही होत नाही, अक्का."

ती रडली नाही, ओरडली नाही. पेला तांब्यावरून काढून पदरात धरला आणि म्हणाली, "आबाबी असंच म्हनले व्हते."

मी गाडी थांबवली. उतरलो आणि नट तपासले. डाव्या पुढच्या चाकाच्या सहा नटांपैकी दोन नट नुसत्या बोटांनी फिरले. बोटांनी! तिसरा पान्याने सव्वा फेरा गेला. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर पुढच्या घाटवळणावर काय झालं असतं, हे सांगायला फिजिक्स लागत नाही. माझी बहीण त्याच बाजूला बसली होती. तिचा माझ्यावर विश्वास होता म्हणून ती घरातून निघाली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि अजून वाटते.

नट आवळले, गाडी वळवली आणि वीसच्या वेगाने हिमायतनगरला परत आलो. भाचा, त्याचं नाव अन्वर, तिथेच उभा होता. "मामाचा तीनदा फोन आला, सर. तुमी मगाशी थांबला न्हाई, मी हात केला."

त्याने चारही चाकं काढली आणि नटांखालचा रंग ब्रशने घासून काढला. पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या दारावर "शुक्रवारी दुपारी बंद" अशी पाटी होती. मी विचारलं तर म्हणाला, "आज उघडं ठेवलं. मामा म्हनले, सर परत येतील, दुकान बंद दिसलं तर काय करतील?"

अक्काने डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी त्याच्यासमोर ठेवली.

सखूच्या गावची वाट खरंच दगडांची आहे. लहान गाडीने जाऊ नका. दोघी मैत्रिणी चुलीजवळ बसल्या आणि तासभर एकमेकींचे हात धरून होत्या. मुक्काम हौद्यात केला. दुसऱ्या दिवशी माहूर. पायऱ्या पुष्कळ आहेत, विड्याचा प्रसाद घ्या, पार्किंगवाल्याकडून पावती मागा. अक्का पायऱ्या माझ्या आधी चढली.

परतताना हदगावमार्गे नांदेडला आलो आणि सत्तारभाईंकडे गेलो. पुन्हा नट आवळताना त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. मी विचारलं, "आता काही होणार नाही ना?"

"असं मी कुनालाच म्हनत न्हाई, सर," ते म्हणाले. "पाचशे किलोमीटरवर परत बघा."

घरी आल्यावर हिशेब केला तो स्वतःचाच. ठेकेदार, सुशीलावाला, सत्तारभाई, अन्वर, फोन, सगळ्यांवर मी संशय घेतला. फक्त माझ्यावर घेतला नाही. ज्या तीन शब्दांची मला तीस वर्षं चीड आहे, ते मी रोज वर्गात किती सहज वाटतो, हे तांब्या वाजेपर्यंत मला ऐकूच आलं नव्हतं.

सोमवारी बॅच सुटल्यावर मी कुलूप बाजूला ठेवलं आणि दीपालीला थांबवलं. तिच्या समोरच्या बाकावर बसलो.

"हात थरथरतात म्हणाली होतीस. कधीपासून?"

तिने वही मिटून बाकावर ठेवली.

"जूनपासून, सर," ती म्हणाली. "तुमाला गुरुवारी सांगितलं ते तिसऱ्यांदा."