पाणाड्याचा नारळ

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं मी, जमिनीचा दलाल, गिऱ्हाइकांना गंभीरपणे सांगत असे. तिच्या वतीने मीच बोलत असल्याने तिच्यावर तशी वेळ येत नसे. नारळाच्या ओल्या शेंडीचा वास आला की बहात्तरच्या दुष्काळातलं पाथर्डीकडचं एक रान आठवतं. एक निवृत्त मास्तर आयुष्याची पुंजी घालून ते घेणार होते, पण पाण्याची खात्री पटली तरच. म्हणून मी जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या नेला. भर दुपार, वारा पडलेला, वर घारी फिरत होत्या. चालता चालता त्याच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला. "हितं खांदा." जमीनमालकाचा चेहरा उतरला. "तिथं नगं, मास्तर." "का?" तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला. मास्तरांनी हट्टाने खणायला लावलं. दोन हात खोलीवर हाडं लागली, तसा पाणाड्या नारळ टाकून पळाला. मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "पोलिसांना कळवा." तेव्हा मालकाने मुंडासं काढून हातात घेतलं. "बैल हाय माजा. चाऱ्यावाचून गेला. खाटकाला न्हाई दिला." कोरडा खड्डा आम्ही तिघांनी बुजवला आणि व्यवहार तिथेच मोडला. पुढे मी मास्तरांना तालुक्याच्या गावी, अंगणातला नळ दाखवून, घर घेऊन दिलं. परवा तिथून गेलो. नळ अजून आहे. पाणी अजून आलेलं नाही.