छपराखालची छत्री

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. मुंबईच्या एका संस्थेसाठी ते सोलापूर जिल्ह्यातल्या वटवाघळांची आणि पाकोळ्यांची, म्हणजे लहान वटवाघळांची, पाहणी करीत. पडक्या देवळांतून हिंडताना वरून पडणारी त्यांची शीट चुकवता चुकवता त्यांना एक सवय जडली होती. भर उन्हात ते छत्री काखेत मारून चालत आणि छपराखाली शिरले की उघडत. आमच्या घरी चहासुद्धा छत्रीखालीच पीत. आई धुसफुसायची, "आमचं घर काय पडकं देऊळ हाय व्हय?" बोलताना त्यांची नजरही समोरच्याच्या डोक्यावरून आढ्याकडं जाई.

असे हे गृहस्थ वळसंगला मुलगी बघायला निघाले आणि सोबतीला मला नेलं. छत्री उघडणार नाही, असं त्यांनी वाटेत कबूल केलं होतं. सोप्यात पाऊल टाकताच ती उघडली. मीही मुकाट तिच्याखाली सरकून बसलो. मुलगी येऊन पाटावर बसली, तरी ह्यांची मान वरच.

"काय इचारायचं आसंल तर इचारा की," मुलीचे वडील म्हणाले.

"या आढ्याला पाकोळ्या कधीपासून आहेत?"

मी चपला कुठं काढल्या ते आठवू लागलो.

मुलगी खालमानेनंच म्हणाली, "हितं थोड्याच हायत. मागं गोठ्यात लई हायत. पोटाशी पिल्लं धरून लटकत्यात. दावू का?"

वडिलांनी कपाळाला हात लावला. ह्यांनी मात्र मान खाली आणली, तिच्याकडं नीट पाहिलं आणि सावकाश छत्री मिटली.

छत्रीखाली मीही बसलो आहे, हे ते साफ विसरले. माझी टोपी नवी होती.